कोच नसलेल्या वेळेत रेंजवर सीनियर सदस्य नियम मोडतात. तुमच्याकडे काय करतात?

दहामीटर (धागालेखिका)

मंडळी, जरा लांबलचक लिहिते आहे, पण पूर्ण वाचून मगच प्रतिसाद द्या ही विनंती.

सिंहगड रोडच्या बाजूला एका इमारतीच्या तळघरात आमची छोटी रेंज आहे. १० मीटर, आठ लेन, फक्त एअर रायफल आणि एअर पिस्तूल. संस्थेचं नाव लिहीत नाही, माणसांचीही लिहिणार नाही. कोच सकाळी सात ते दहा आणि संध्याकाळी पाच ते आठ असतात. बाकीच्या वेळी ज्याच्याकडे चावी आहे त्याने यावं, दिवे लावावेत, सराव करावा, रजिस्टरमध्ये सही करून जावं. मी आले तेव्हा पाच जणांकडे चाव्या होत्या, आता चौदा जणांकडे आहेत. १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्य जिंकलं. तो बालेवाडीत सराव करणारा, म्हणजे आपल्या डोळ्यांसमोरचा. त्यानंतर आमच्याकडे मुलांची रीघ लागली. कोचच्या वेळेत लेन पुरेनात, म्हणून रात्रीची वेळही मुलांना दिली. आठनंतर फायरिंग लाइनवर (जिथे उभं राहून नेम धरतात तिथे) जबाबदार म्हणावं असं कुणी नसतं.

गेल्या महिन्यातली एका मंगळवारची गोष्ट. रात्री साडेआठ. आम्ही चौघं होतो. तीन नंबर लेनची टार्गेटची दोरी पुढच्या पुलीवरून उतरली. तिथे एक चौदा वर्षांची मुलगी होती. तिने रायफल ठेवली, नळीत सेफ्टी फ्लॅग (नळी रिकामी आहे हे दाखवणारी खूण) घातला आणि मोठ्याने विचारलं, "पुढे जाऊ का?" मी माझी रायफल खाली ठेवून फ्लॅग घातला. सहा नंबरवरचे काका "हं" म्हणाले. ती गेली. टार्गेटपाशी उकिडवी बसून, कार्ड दातात धरून ती दोन्ही हातांनी दोरी पुलीवर चढवत होती. मी मान खाली घालून जॅकेटचे बंद सैल करत होते.

एअर रायफलचा आवाज फार मोठा नसतो. सुटताना एक फुस्स आणि पुढच्या लोखंडी पत्र्यावर टक्.

मी वर पाहिलं. ती मुलगी तशीच बसलेली, कार्ड अजून दातात. दोरीवरचे हात जागच्या जागी थांबलेले. काकांनी बोल्ट उघडला होता आणि ते डबीतून दुसरा पेलेट (छर्रा) उचलत होते.

मी ओरडले. त्यावर ते शांतपणे म्हणाले, "मी सहावर मारतोय, ती तीनवर आहे. माझा शॉट कधी टार्गेटवरच्या आठच्या वर्तुळाबाहेर गेलेला पाहिलायस का?"

हे पहिल्यांदा झालेलं नाही. ते रात्री पाहुण्यांना घेऊन येतात आणि रजिस्टरमध्ये पाहुण्यांची नावं नसतात. एकदा सकाळी आम्हाला पत्र्यासमोर काचेच्या बाटलीचे तुकडे सापडले होते. भरलेलं पिस्तूल हातात घेऊन मागे वळून बोलायची त्यांना सवय आहे. कुणी काही म्हटलं की "तू किती वर्षं करतेयस?" हा प्रश्न ठरलेला.

दुसरी बाजूही सांगायला हवी. आमचा हवा भरायचा कंप्रेसर त्यांनी दिलेला आहे. आमच्यातल्या निम्म्या लोकांना पहिल्यांदा पोझिशन त्यांनी शिकवली, मलाही. समितीतल्या लोकांशी बोलले, तर "बोलून घेऊ आम्ही त्यांच्याशी" एवढंच उत्तर मिळालं. पाच आठवडे झाले.

तुमच्या रेंजवर असं झालं तर काय करतात?

पिस्तूलवाली

वाचून पोटात गोळा आला. "हं" म्हणून परवानगी द्यायची आणि मग चाप ओढायचा? हा विसरभोळेपणा नाही. त्यांनी ऐकलं होतं.

जुना_एनसीसीवाला

आम्हाला कॉलेजात .२२ (पॉइंट टू टू) रायफलचं, खऱ्या गोळीचं फायरिंग होतं. उस्ताद पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगायचे: पुढे माणूस गेला की रायफल जमिनीवर आणि तुम्ही दोन पावलं मागे. रायफल रिकामी आहे का, सेफ आहे का, कुणाची लेन कुठली, हे प्रश्नच नाहीत. हात लावायचा नाही म्हणजे नाही. जो हात लावेल त्याचं त्या दिवसाचं फायरिंग संपलं. त्यात अपमान कुणालाच वाटत नसे, कारण कॅडेट असो की हवालदार, नियम तोच.

तुमच्याकडे पुढे माणूस असताना हत्यार हाताळलं गेलं. गोळी सुटली ही त्याच्या नंतरची गोष्ट. चूक आधीच झाली होती.

मुठेकाठचा

थोडं वेगळं मत मांडतो, राग नसावा. छोट्या रेंज अशाच दोन-चार सीनियर लोकांच्या जिवावर चालतात. कंप्रेसर बिघडला तर मेकॅनिक कोण आणतो? भाडं थकलं तर खिशात हात कोण घालतो? त्यांना नोटीस वगैरे पाठवलीत तर ते जातील, त्यांच्याबरोबर आणखी पाच जण जातील आणि सहा महिन्यांत शटर खाली येईल. मी हे एका ठिकाणी होताना पाहिलं आहे. एखाद्या वडीलधाऱ्या माणसाने त्यांना चहाला बोलावून समजावलं तर जास्त फरक पडेल. शेवटी एअर रायफलच आहे, पॉइंट टू टू नाही.

दहामीटर

मुठेकाठचा, रेंज बंद पडण्याची भीती मलाही आहे. मी तिथे सात वर्षं घालवली आहेत. पण "एअर रायफलच आहे" हे वाक्य सोडून देता येत नाही, कारण काकाही हेच म्हणतात.

मॅच रायफलचा ४.५ मिलिमीटरचा पेलेट सेकंदाला साधारण १७० मीटर वेगाने जातो. त्याची ऊर्जा साडेसात ज्यूलच्या आसपास असते. २०१६ च्या शस्त्र नियमांत २० ज्यूलपर्यंतच्या आणि ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या एअर गनला परवाना लागत नाही, म्हणून लोकांना ते खेळणं वाटतं. डोळा जायला साडेसात ज्यूल पुरेसे आहेत. शिवाय आपला पेलेट शिशाचा आणि तोंडाशी चपटा. पत्रा तिरका लावलेला असला तरी त्याचे बारीक कण उडतात. लेन एक मीटरची धरली तर ती मुलगी त्या टार्गेटपासून तीन मीटरवर होती, पत्र्याकडे तोंड करून, चष्मा न घालता.

आणि तो "आठच्या बाहेर जात नाही" वाला मुद्दा. रायफलचा दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, तो त्यांना रोज मिळतो हे मान्य. पण चाप चुकून दाबला जातो तेव्हा नळी टार्गेटवर असेलच असं नाही. रायफल उचलतानाही चाप ओढला गेलेला आपण सगळ्यांनी पाहिला आहे, चांगल्या-चांगल्या शूटर्सकडून.

रेंजची_आई

माझी मुलगी तेरा वर्षांची आहे, कोथरूडला एका क्लासला जाते. मला दुसरं काही विचारायचं नाही. त्या मुलीच्या आईला हे कुणी सांगितलं का?

कसबा_कोर्टकचेरी

वकिली करतो, शूटिंगमधलं कळत नाही. पण पुण्यातल्या संस्थांची भांडणं बरीच पाहिली आहेत, म्हणून लिहितो.

पहिली गोष्ट, संस्था नक्की काय आहे ते बघा. १८६० च्या कायद्याखाली सोसायटी आणि १९५० च्या कायद्याखाली सार्वजनिक न्यास अशी नोंदणी असेल (आपल्याकडे बहुतेक क्रीडासंस्था अशाच असतात), तर सदस्याला काढायची पद्धत संस्थेच्या घटनेत (नियमावलीत) लिहिलेली असणार. ती प्रत कपाटातून काढा. तीच पद्धत पाळा. लेखी तक्रार, त्यावर त्या सदस्याला लेखी नोटीस, नोटिशीत तारीख-वेळ-कृत्य स्पष्ट, उत्तर द्यायला मुदत, म्हणणं मांडायची संधी, मग कार्यकारिणीचा ठराव आणि इतिवृत्तात नोंद. "तुमचं वर्तन बरोबर नाही" अशी मोघम नोटीस टिकत नाही. "अमुक तारखेला रात्री साडेआठ वाजता तीन नंबर लेनपुढे व्यक्ती असताना सहा नंबरवरून एक शॉट" अशी टिकते. ज्याने तक्रार केली आहे त्याने निर्णयाच्या बैठकीत मत देऊ नये. रेंज कुणा एकाच्या मालकीची असेल, तर हे एवढं लागत नाही, तिथे फी भरताना सही केलेल्या अटी महत्त्वाच्या.

दुसरी गोष्ट लोक नेहमी विसरतात. सदस्यत्व काढणं वेगळं आणि चावी काढून घेणं वेगळं. कोच नसताना रेंज वापरायला देणं ही सोय आहे. चौकशी होईपर्यंत "आपण फक्त कोचच्या वेळेत सराव करावा" असं कार्यकारिणी लगेच ठरवू शकते. त्यात कुणाचा हक्क हिरावला जात नाही आणि तेवढ्या काळात धोका टळतो. पाच आठवडे "बोलून घेऊ"मध्ये गेले, त्याऐवजी हे पहिल्या दिवशी करता आलं असतं.

कंप्रेसर त्यांनी देणगी दिला असेल आणि पावती फाडली असेल, तर तो संस्थेचा आहे. वापरायला दिला असेल तर तो त्यांचा, परत मागतील, द्या. पण दोन्हीतल्या कशानेही नियमातून सूट मिळत नाही.

आणि हे समितीला वाचून दाखवा: दुसऱ्याच्या जिवाला किंवा सुरक्षिततेला धोका होईल असं बेदरकार किंवा निष्काळजी कृत्य हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १२५ खाली गुन्हा आहे. कुणाला लागलं नाही तरी. लागलं तर शिक्षा वाढते. अशा प्रसंगात नंतर पहिला प्रश्न येतो तो हाच, की समितीला आधी माहीत होतं का.

दहामीटर

रेंजची_आई, तुमचा प्रतिसाद दोन दिवस वाचते आहे.

नाही सांगितलं. त्या रात्री मी तिला सोसायटीच्या गेटपर्यंत सोडलं, ती म्हणाली, "ताई, घरी नका सांगू, आई क्लास बंद करेल." मी हो म्हटलं. तेव्हा वाटलं, तिची बाजू घेते आहे. त्यानंतर ती रात्री येत नाही. अभ्यास आहे असं घरी सांगितलंय म्हणे. मला खरं कारण माहीत आहे आणि तिच्या आईला नाही.

आज संध्याकाळी जाऊन सांगते आहे.

लालदिवा

एका मोठ्या रेंजवर तांत्रिक कामाला होतो. तिथला अनुभव.

कॅमेरा लावा असं कुणीतरी म्हणेलच, म्हणून आधीच लिहितो. कॅमेऱ्याने काय झालं ते नंतर कळतं. पाहुणे आणि बाटल्या थांबवायला तो उपयोगी आहे, पुढे गेलेल्या मुलीला नाही. तिच्यासाठी फायरिंग लाइनच्या वर, सगळ्यांना दिसेल असा लाल दिवा लावा आणि त्याचं बटण पुढे जायच्या वाटेवर ठेवा. पुढे जाणाऱ्याने बटण दाबूनच जायचं, परत आल्यावर त्यानेच बंद करायचं, दुसऱ्या कुणीही नाही. दिवा लागलेला असताना सगळ्यांचे हात हत्यारापासून दूर. एका संध्याकाळचं वायरिंगचं काम आहे. शिवाय कमरेच्या उंचीवर एक साखळी लावा, म्हणजे नुसतं चालत पुढे जाता येत नाही, थांबावं लागतं.

जाता जाता: रायफलच्या हवेच्या सिलिंडरवरची तारीख बघता ना? दहा वर्षांनंतर तो वापरायचा नाही. कुणी लक्ष देत नसलेल्या रेंजवर जुने सिलिंडर २०० बार दाबापर्यंत भरताना पाहिले आहेत.

पिस्तूलवाली

लाल दिवा छान. पण बटण न दाबता कुणी गेलं तर? किंवा दिवा लागलेला असताना कुणी मारलं तर? माणसाला थांबवणारा माणूसच लागतो. आमच्याकडे कोच नसताना जो पहिला येतो तो त्या वेळेचा लाइन प्रमुख. फळ्यावर त्याचं नाव लिहायचं. तो निघाला की दुसऱ्याने आपलं नाव लिहायचं. फळ्यावर नाव नाही तर शूटिंग नाही. मॅचमध्ये ज्या कमांड असतात त्याच: लोड, स्टार्ट, स्टॉप, अनलोड. आणि "स्टॉप" कुणीही म्हणू शकतो. आमच्याकडे अकरा वर्षांच्या मुलाने "स्टॉप" म्हटल्यावर नॅशनल खेळलेल्या माणसाने रायफल खाली ठेवलेली मी पाहिली आहे. मुलाला पाल दिसली होती. कुणी त्याला रागावलं नाही, आणि ते फार महत्त्वाचं होतं, कारण नंतर दोन महिन्यांनी त्यानेच खऱ्या कारणासाठी हाक दिली.

एकटा_सराव

मग एकट्याने सराव करायचाच नाही का? मी रात्री दहाला कामावरून सुटतो. माझ्या वेळेला कुणी नसतं. एकटा असलो तर पुढे कुणी असण्याचा प्रश्नच येत नाही, उलट जास्त सुरक्षित.

जुना_एनसीसीवाला

पुढे कुणी नसेल, पण मागे? दार उघडून कुणीही आत येऊ शकतं. प्रौढ सदस्याने दार आतून लावून, येताना-जाताना गटावर संदेश टाकून करावं, माझी हरकत नाही. अठराच्या आतल्या मुलांना मात्र प्रौढ माणसाशिवाय अजिबात नको.

निलंबित_होतो

नेहमी फक्त वाचतो, आज लिहितो.

नऊ वर्षांपूर्वी मला एका रेंजने तीन महिने बंद ठेवलं होतं. एक जण पुढे जाऊन तपासणी करत असताना मी लाइनवर ड्राय फायर (पेलेट न भरता चाप ओढायचा सराव) करत होतो. रायफल रिकामी होती. शंभर टक्के रिकामी, असं मी छातीवर हात ठेवून सांगत होतो. कोचने काही वाद घातला नाही. माझ्यासमोर रायफल उचलली, बोल्ट उघडला आणि माझ्याच तळहातावर पेलेट काढून ठेवला.

तीन महिने मी फार चिडलेलो होतो. लोकांना सांगत फिरलो की राजकारण आहे. परत आलो तेव्हा अट होती की पहिले दहा दिवस फक्त लाइन सांभाळायची, शूटिंग नाही. मागे उभं राहून सगळ्यांच्या नळ्या बघायच्या. तिथून दिसतं ते लेनमध्ये उभं राहून दिसत नाही. किती जण वळताना नळी फिरवतात, फ्लॅग खिशात ठेवून विसरतात. चौथ्या दिवशी मी स्वतः एकाला थांबवलं.

काकांना काढू नका असं मी म्हणणार नाही, ते तुम्ही ठरवा. पण त्यांच्याशी चहावर बोलून काही होणार नाही. मला कुणी चहावर समजावलं असतं, तर मी चहा पिऊन पुन्हा तेच केलं असतं.

मुठेकाठचा

वरचा प्रतिसाद वाचला. "शेवटी एअर रायफलच आहे" हे मी लिहायला नको होतं. भाड्याची आणि माणसं सोडून जाण्याची काळजी अजून आहे, ती खोटी नाही. पण वकीलसाहेबांचा चावीचा मार्ग मला पटला.

दहामीटर

दोन आठवड्यांनी लिहिते आहे.

त्या मुलीच्या आईला सगळं सांगितलं. त्या आधी काहीच बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "पाच आठवडे?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी संस्थेला लेखी तक्रार दिली, मी साक्षीदार म्हणून सही केली. तारीख, वेळ, लेन, सगळं.

त्याच आठवड्यात कार्यकारिणी बसली. सगळ्या चौदा चाव्या परत घेतल्या, फक्त काकांचीच नव्हे. कुलूप बदललं. आता चार चाव्या आहेत आणि ज्याच्याकडे चावी तो त्या वेळेचा लाइन प्रमुख, फळ्यावर नाव. अठराच्या आतल्यांना आठनंतर पालक किंवा लाइन प्रमुख असल्याशिवाय प्रवेश नाही. काकांना नोटीस गेली, पंधरा दिवसांची मुदत दिली. तोपर्यंत फक्त कोचच्या वेळेत.

ते आले होते. समितीसमोर कंप्रेसरचा विषय त्यांनीच काढला, परत नेतो म्हणाले. खजिनदारांनी पावती पुढे ठेवली. मग बराच वेळ शांत बसले आणि म्हणाले, "मी हिला शिकवलं," माझ्याकडे बघून. खरंच शिकवलं होतं. माझी डावी कोपर कमरेच्या हाडावर कशी टेकवायची, ते त्यांनी एक पूर्ण पावसाळा रोज दाखवलं होतं. मी एवढंच म्हटलं की पुढे माणूस असताना फ्लॅग घालायचा, हेही तुम्हीच शिकवलंत.

लेखी उत्तर अजून आलेलं नाही. समितीत दोन मतं आहेत: सहा महिने निलंबन, किंवा तीन महिने निलंबन आणि त्यानंतर महिनाभर फक्त लाइन सांभाळणं. दुसरं मत या धाग्यावरूनच तिथे गेलं. मी तक्रारीत असल्याने मत देणार नाही.

लाल दिवा लागला, बटण साखळीच्या खांबावर आहे. ती मुलगी शनिवारी संध्याकाळी आली, आईबरोबर. आई मागच्या बाकावर दोन तास बसल्या होत्या.

लालदिवा

बटण खांबावर किती उंचीवर लावलंय? लहान मुलांचा हात पोचायला हवा, जॅकेट घातलेलं असताना सुद्धा. जॅकेटमध्ये हात खांद्याच्या वर नीट जात नाही.

दहामीटर

साडेचार फुटांवर आहे. उद्या सर्वांत लहान मुलाला जॅकेट घालून उभं करते आणि बघते. खाली घ्यावं लागेल असं वाटतंय.